प्रोबेशन रद्द झालं तर अपिलात नेमकं काय मांडायचं? अमेरिकेतला 'ड्यू प्रोसेस' सोप्या भाषेत

नोव्हेंबर २०१७ मध्ये फिलाडेल्फियाचा रॅपर मीक मिल याला दोन ते चार वर्षांची जेल सुनावली गेली तेव्हा अमेरिकेत बराच गदारोळ झाला होता. मूळ केस २००७ सालची, तेव्हा तो १९ वर्षांचा होता, आणि त्या केसमधलं प्रोबेशन दहा वर्षांनंतरही चालूच होतं. मधे त्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर डर्ट बाईक पुढचं चाक उचलून चालवली, सेंट लुईसच्या विमानतळावर कुणाशी तरी बाचाबाची झाली, आणखी एकदोन अटी मोडल्या, आणि एवढ्यावरून जजने प्रोबेशन काढून घेतलं. बाईक आणि विमानतळ या दोन्ही प्रकरणांत त्याला वेगळी अशी शिक्षा झालीच नव्हती. सरकारी वकिलांनीसुद्धा जेल मागितली नव्हती.

तेव्हापासून असली बातमी आली की लोक तेच विचारतात, नवीन गुन्हा सिद्ध झाला नाही, ज्यूरी बसली नाही, तरी माणूस थेट आत कसा जातो? आणि गेला तर वरच्या कोर्टात जाऊन काय सांगायचं? अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी ज्यांच्या घरात कुणाचं प्रोबेशन चालू आहे, दारू पिऊन गाडी चालवल्याची केस असो किंवा घरगुती भांडणाची, त्यांना तर हे नीट कळायलाच हवं, कारण इथे बहुतेक लोक चुकीच्या मुद्द्यावर भांडतात आणि हाताशी असलेला खरा मुद्दा तसाच राहून जातो.

## आधी मुळापासून

प्रोबेशन म्हणजे जेलऐवजी बाहेर राहून भोगायची शिक्षा. कोर्ट म्हणतं, तू दोषी आहेस पण तुला आत टाकत नाही, घरी राहा, काम कर, फक्त या या अटी पाळ. अटी म्हणजे प्रोबेशन ऑफिसरला ठरलेल्या दिवशी भेटायचं, ड्रग टेस्ट द्यायची, दंड आणि फिया भरायच्या, परवानगीशिवाय राज्य सोडायचं नाही, पत्ता किंवा नोकरी बदलली तर कळवायचं, आणि नवीन गुन्हा अर्थातच करायचा नाही. पॅरोल वेगळा, तो आधी जेलमध्ये जाऊन लवकर सुटलेल्यांसाठी असतो. अमेरिकेत जवळपास ३० लाख प्रौढ माणसं प्रोबेशनवर आहेत, म्हणजे हा काही कोपऱ्यातला विषय नाही.

अट मोडली असं ऑफिसरला वाटलं की तो किंवा सरकारी वकील कोर्टात अर्ज टाकतो आणि जज वॉरंट किंवा समन्स काढतो. मग जी सुनावणी होते तिला रिव्होकेशन हिअरिंग म्हणतात, म्हणजे प्रोबेशन काढून घ्यायचं का हे ठरवणारी सुनावणी. उल्लंघनं दोन जातीची असतात, एक नवीन गुन्ह्याची आणि दुसरी तांत्रिक, म्हणजे मीटिंग चुकली, फी थकली, टेस्ट पॉझिटिव्ह आली, न विचारता दुसऱ्या राज्यात लग्नाला गेला, वगैरे. तांत्रिक उल्लंघनाने माणूस जेलमध्ये जाऊ शकतो हे बऱ्याच जणांना वॉरंट हातात पडेपर्यंत माहीतच नसतं. कौन्सिल ऑफ स्टेट गव्हर्नमेंट्स या संस्थेने २०१९ मध्ये जो अभ्यास काढला त्यात राज्यांच्या तुरुंगांतल्या नव्या भरतीपैकी ४५ टक्के भरती ही प्रोबेशन किंवा पॅरोलच्या उल्लंघनातून होते असं दिसलं. जवळजवळ निम्मी!

## पण हा पूर्ण खटला का नसतो?

कारण कोर्टाच्या दृष्टीने खटला आधीच होऊन गेलेला असतो. माणूस दोषी ठरलाय, शिक्षा ठरलीय, आता फक्त सवलत चालू ठेवायची की नाही एवढंच बघायचंय. म्हणून इथे ज्यूरी नसते. गुन्ह्याच्या खटल्यात 'वाजवी शंकेपलीकडे' सिद्ध करावं लागतं, इथे बहुतेक राज्यांत आणि फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टात 'झालं असण्याची शक्यता न झालं असण्यापेक्षा जास्त' एवढं दाखवलं तरी पुरतं. त्यामुळेच एक गोष्ट घडते जी लोकांच्या पचनी पडत नाही, ती म्हणजे नवीन केसमध्ये ज्यूरीने निर्दोष सोडलं तरी त्याच घटनेवरून प्रोबेशन रद्द होऊ शकतं. दोन्हीकडे पुराव्याची पट्टीच वेगळी आहे, म्हणून फक्त 'मी सुटलो होतो' या एका मुद्द्यावर अपील सहसा चालत नाही.

ऐकीव पुरावा, म्हणजे साक्षीदार स्वतः न येता त्याचं म्हणणं दुसऱ्याने येऊन सांगणं, हा सुद्धा इथे बऱ्याच प्रमाणात चालतो. पॅरोलच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये असंही म्हटलं की बेकायदा झडतीत सापडलेली वस्तू एरवीच्या खटल्यात बाद होते तशी ती पॅरोलच्या सुनावणीत बाद करायलाच हवी असं संविधान सांगत नाही. आणि प्रोबेशन ऑफिसरशी मोकळेपणाने जे बोललात ते तुमच्याच विरोधात वापरलं जाऊ शकतं, पोलिस अटक करताना जी 'गप्प राहण्याचा हक्क आहे' अशी सूचना देतात ती त्याने द्यायची गरज नाही, हे १९८४ च्या मिनेसोटा विरुद्ध मर्फी या निकालापासून ठरलेलं आहे. ऑफिसर कितीही प्रेमाने विचारपूस करत असला तरी तो कोर्टाला रिपोर्ट करणारा माणूस आहे, हे प्रोबेशनवरच्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं असं मला अगदी मनापासून वाटतं.

## मग शिल्लक काय राहतं?

शिल्लक राहतो तो ड्यू प्रोसेस. अमेरिकन संविधानाची पाचवी दुरुस्ती केंद्र सरकारला आणि १८६८ ची चौदावी दुरुस्ती राज्यांना सांगते की कुणाचंही जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता न्याय्य प्रक्रियेशिवाय हिरावून घेता येणार नाही. प्रोबेशनवरच्या माणसाचं स्वातंत्र्य अटींनी बांधलेलं असतं हे खरं, पण तो घरी झोपतो, कामाला जातो, पोरांना शाळेत सोडतो. हे स्वातंत्र्य काढून घ्यायचं तर रीतसर काढा, एवढंच म्हणणं आहे.

हे ठरलं ते आयोवा राज्यातल्या एका पॅरोलच्या केसमधून. मॉरिसी नावाच्या माणसाला १९६७ मध्ये चेकच्या फसवणुकीत शिक्षा झाली, १९६८ च्या जूनमध्ये पॅरोल मिळाला, आणि काही महिन्यांतच खोट्या नावाने गाडी घेतली, खोटा पत्ता दिला असल्या कारणांवरून ऑफिसरच्या लेखी रिपोर्टच्या भरवशावर त्याला परत जेलमध्ये धाडलं. सुनावणी झालीच नाही. १९७२ मध्ये मॉरिसी विरुद्ध ब्रूअर या निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं की हे चालणार नाही. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, विस्कॉन्सिनच्या गॅग्नन विरुद्ध स्कार्पेली या केसमध्ये तेच नियम प्रोबेशनलाही लावले.

ते नियम असे. काय मोडलं हे आधी लेखी कळवलं पाहिजे. विरोधात काय पुरावा आहे तो दाखवला पाहिजे. माणसाला स्वतः हजर राहून बोलू दिलं पाहिजे, त्याचे साक्षीदार आणि कागद आणू दिले पाहिजेत. विरोधी साक्षीदाराला समोर आणून उलटतपासणी करू दिली पाहिजे, आणि ती नाकारायची असेल तर तसं ठोस कारण आहे असं निर्णय देणाऱ्याने नमूद केलं पाहिजे. निर्णय देणारा तटस्थ हवा. आणि शेवटी कुठल्या पुराव्यावर, कुठल्या कारणाने रद्द केलं ते लिहून दिलं पाहिजे. माणसाला धरून ठेवलं असेल तर मुख्य सुनावणीच्या आधी एक छोटी प्राथमिक सुनावणीही हवी, जिच्यात आरोपात काही तथ्य दिसतंय का एवढंच बघतात.

वकिलाचं काय? स्कार्पेलीच्या निकालात कोर्टाने सरसकट हक्क दिला नाही, केसनुसार ठरवा म्हणाले, म्हणजे माणूस 'मी मोडलंच नाही' असं पटण्यासारखं सांगत असेल किंवा त्याची बाजू गुंतागुंतीची असेल तर वकील द्या. पुढे अनेक राज्यांनी आणि फेडरल व्यवस्थेने स्वतःच्या कायद्यात यापेक्षा जास्त दिलं. तेव्हा परवडत नसेल तर वकील मागा, आणि मागितल्याची नोंद होऊ द्या.

इथे आपल्याशी एक सरळ धागा जुळतो. भारतीय संविधानाच्या मसुद्यातही आधी 'ड्यू प्रोसेस' हेच शब्द होते. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला जाऊन तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले, आणि पुढे ते शब्द जाऊन 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' आली. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही बाजू मांडून निर्णय सभागृहावर सोपवला, नंतर अटकेतल्या माणसाला किमान संरक्षण देणारं आजचं कलम २२ त्यांनीच आणलं, आणि १९७८ च्या मनेका गांधी निकालाने कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीच असली पाहिजे असं सांगून आपणही बरेचसे त्याच ठिकाणी पोचलो. आपल्या १९५८ च्या प्रोबेशन कायद्यातही कलम ९ आहे, बाँडची अट मोडली तर कोर्ट म्हणणं ऐकून घेऊन मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं किंवा पहिलीच वेळ असेल तर ५० रुपयांपर्यंत दंड लावून बाँड चालू ठेवू शकतं. ऐकून घेऊन, हे आपल्याकडेही कायद्यातच लिहिलेलं आहे.

## अपील कोर्ट नेमकं काय बघतं?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. लोकांना वाटतं अपील म्हणजे दुसरी सुनावणी, तिथे जाऊन पुन्हा सगळं सांगता येईल, नवीन साक्षीदार नेता येईल. तसं नसतं. क्रिकेटमधला डीआरएस डोळ्यासमोर आणा. थर्ड अंपायर चेंडू पुन्हा टाकायला लावत नाही, तो फक्त झालेलं फुटेज बघतो. फुटेजमध्ये नसलेलं त्याच्यासाठी घडलेलंच नाही. रिव्ह्यू ठरलेल्या सेकंदांत मागितला नाही तर संपलं. आणि गोष्ट अगदी काठावरची असेल तर 'अंपायर्स कॉल', म्हणजे मैदानावरच्या अंपायरने दिलेला निर्णय तसाच राहतो.

अपिलातलं फुटेज म्हणजे रेकॉर्ड, सुनावणीत बोललेल्या शब्दन्‌शब्दाची टाइप केलेली प्रत आणि दाखल झालेले कागद. साक्षीदार खरं बोलत होता का, जेल द्यावी की अजून एक संधी द्यावी, या गोष्टी जजच्या अधिकारातल्या, त्यात अपील कोर्ट सहजासहजी हात घालत नाही, अधिकाराचा उघड गैरवापर दिसला तरच घालतं. पण प्रक्रिया संविधानाप्रमाणे झाली का हा कायद्याचा प्रश्न, आणि तो अपील कोर्ट साधारणपणे स्वतःच्या नजरेने नव्याने तपासतं. म्हणूनच ड्यू प्रोसेसच्या मुद्द्याला अपिलात वजन आहे. 'जज फार कडक वागले' यापेक्षा 'जजनी मला अमुक साक्षीदाराला प्रश्नच विचारू दिले नाहीत आणि का ते सांगितलंही नाही' हे वाक्य अपिलात कितीतरी पुढे जातं.

पण एक मोठी अट. हरकत खाली, त्या सुनावणीतच नोंदवलेली असली पाहिजे. वकील तेव्हा गप्प बसला असेल तर वरचं कोर्ट म्हणतं की आता फक्त ढळढळीत चूक असेल तरच बघू, आणि ती पायरी फार उंच असते. त्यामुळे अपील खरं तर रिव्होकेशनच्या सुनावणीतच सुरू होतं. वकिलाला आधीच सांगून ठेवा की हरकत मोठ्याने आणि कारणासकट नोंदवा, नुसतं 'ऑब्जेक्शन, ऐकीव पुरावा' एवढ्यावर थांबू नका, 'ड्यू प्रोसेसचा भंग, उलटतपासणीचा हक्क नाकारला जातोय' असं स्पष्ट बोला, कारण नंतर रेकॉर्डमध्ये तेच शब्द शोधले जातात.

## कोणते मुद्दे खरंच टिकतात?

नोटीस हा सगळ्यात सरळ. आरोपपत्रात लिहिलंय मीटिंग चुकवली, आणि सुनावणीत रद्द केलं ते ड्रग टेस्टवरून जिचा कागदात उल्लेखच नव्हता, तर माणसाने तयारी कशाची करायची? अशा ठिकाणी अपील कोर्टं निकाल फिरवतात.

दुसरा उलटतपासणीचा, आणि रोजच्या केसमध्ये सगळ्यात जास्त येणारा. समजा ऑफिसर येऊन सांगतो, शेजारणीने मला फोनवर सांगितलं की हा दारू पिऊन आरडाओरडा करत होता. शेजारीण कोर्टात नाही. फेडरल कोर्टात आणि बऱ्याच राज्यांत जजने इथे दोन पारडी तोलायची असतात, साक्षीदार न आणण्याचं सरकारचं कारण किती खरं आहे आणि तिचं सांगणं किती भरवशाचं आहे, आणि दुसऱ्या बाजूला या माणसाला तिला प्रश्न विचारण्याची किती गरज आहे. साक्षीदार घाबरली आहे, तिला धमक्या आल्यात, हे कारण होऊ शकतं. 'बोलवायचं राहून गेलं' हे कारण होत नाही. लॅबचा रिपोर्ट नुसता वाचून दाखवला तर काय, यावर कोर्टांची मतं वेगवेगळी पडतात, मान्यताप्राप्त लॅब, कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची नीट नोंद असलेला नमुना असेल तर रिपोर्ट बहुधा चालून जातो, पण टेस्ट चुकीची आहे असं माणूस ठोस कारण देऊन म्हणत असेल आणि तरीही तंत्रज्ञाला बोलावू दिलं नसेल तर मुद्द्यात जीव येतो. जजने काहीच न तोलता ऐकीव पुरावा घेतला असेल तर ती अपिलासाठी चांगली जागा आहे.

तिसरा पैशाचा, आणि यावर मी जरा जास्त थांबणार आहे. जॉर्जियातल्या डॅनी बिअर्डनला ५०० डॉलर दंड आणि २५० डॉलर भरपाई भरायची होती. त्याने आईवडिलांकडून उसने घेऊन २०० डॉलर भरले. मग कामावरून कमी केलं. शिक्षण नववीपर्यंत, वाचता येत नव्हतं, खूप शोधूनही काम मिळेना, पैसे थकले, तसं त्याने ऑफिसला कळवलंही. कोर्टाने प्रोबेशन रद्द करून त्याला तुरुंगात टाकलं. १९८३ मध्ये बिअर्डन विरुद्ध जॉर्जिया या निकालात सुप्रीम कोर्टाने हे रद्द केलं. पैसे का भरले नाहीत याची चौकशी जजने केलीच पाहिजे. असून बुडवले असतील किंवा मिळवायचा प्रयत्नच केला नसेल तर गोष्ट वेगळी, पण मनापासून प्रयत्न करून जमले नाहीत तर आधी दुसरे मार्ग बघा, मुदत वाढवा, हप्ते करा, समाजसेवा द्या, आणि त्यांनी भागतच नसेल तरच जेल. चाळीसहून जास्त वर्षं झाली या निकालाला. तरी आजही दंड थकला म्हणून रद्द करताना काही ठिकाणी ही चौकशी दोन वाक्यांत उरकली जाते, ज्याच्याकडे वकील नाही त्याला आपला हा हक्क आहे हेच माहीत नसतं आणि तो मान खाली घालून 'हो, भरले नाहीत' म्हणून मोकळा होतो. रेकॉर्डमध्ये पगाराच्या स्लिपा, भाड्याची पावती, नोकरीसाठी केलेले अर्ज आले पाहिजेत. ते कागद तिथे असले आणि जजने त्यांच्याकडे बघितलंच नाही, तर अपिलाचा पाया मजबूत होतो.

चौथा, पुरावाच नसणे. मिसुरीतल्या एका माणसाला अट होती की अटक झाली तर विनाविलंब कळवायचं. त्याला आर्कान्सामध्ये अपघातानंतर वाहतुकीचं नुसतं चलान मिळालं, ते त्याने अकरा दिवसांनी कळवलं, आणि चलान म्हणजेच अटक असं धरून त्याचं प्रोबेशन रद्द झालं. १९७३ च्या डग्लस विरुद्ध बुडर या निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं की या निष्कर्षाला पुराव्याचा काडीचाही आधार नाही, आणि असं रद्द करणं हाच ड्यू प्रोसेसचा भंग. अटीत जे लिहिलंय तेवढंच मोडता येतं, जजच्या मनात होतं ते नाही.

तटस्थ जजचा मुद्दा ऐकायला जोरदार वाटतो पण सिद्ध करायला अवघड. जज रागावून बोलले, आधीही कडक शिक्षा दिली, एवढ्याने पक्षपात ठरत नाही. मीक मिलच्या प्रकरणात जजवर बाहेर खूप टीका झाली, पण २०१८ च्या एप्रिलमध्ये पेनसिल्वेनियाच्या सुप्रीम कोर्टाने त्याला सोडायला सांगितलं आणि २०१९ च्या जुलैमध्ये अपील कोर्टाने नवीन जजसमोर नवा खटला दिला तो मुख्यतः मूळ केसमधल्या पोलिसाच्या साक्षीवर विश्वास ठेवता येत नाही म्हणून. त्या राज्याने पुढे डिसेंबर २०२३ मध्ये कायदाच बदलून तांत्रिक उल्लंघनासाठी जेल देण्यावर मर्यादा घातल्या.

लेखी कारणांचा मुद्दा एकटा सहसा पुरत नाही. जजने तोंडी कारणं दिली आणि ती रेकॉर्डवर टाइप झाली तरी अनेक कोर्टं ते पुरेसं मानतात. आणि 'जेलऐवजी दुसरे पर्याय का नाकारले ते जजने सांगितलं नाही' ही तक्रार तर १९८५ च्या ब्लॅक विरुद्ध रोमानो निकालानंतर ड्यू प्रोसेसच्या नावाने चालतच नाही, तिथे राज्याच्या कायद्यात काही असेल तरच.

## 'पण नियम तर मोडलाच होता ना? मग प्रक्रियेचा एवढा बाऊ कशाला?'

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. मोडला हे आपल्याला कळलं कशावरून? ऑफिसरच्या कागदावरून. ऑफिसरकडे ढीगभर माणसं असतात, तारखा चुकतात, एकाच नावाची दोन माणसं असतात, टेस्ट चुकते. कागद बरोबर आहे का हे तपासायची एकच जागा म्हणजे ही सुनावणी, तीच धड झाली नाही तर मोडला की नाही हेच आपल्याला माहीत नाही. शिवाय दुसरा प्रश्न उरतोच, मोडला तरी जेल द्यावी का? आई आयसीयूत होती म्हणून मीटिंग चुकली, हे सांगायला मिळालं तर निर्णय बदलू शकतो. मॉरिसीच्या निकालातच हे दोन्ही भाग वेगळे काढून दाखवलेत.

अपील कोर्टाच्या बाजूने मात्र एक मर्यादा आहे. प्रक्रियेत चूक झाली पण तिने निकालात काहीच फरक पडला नसता असं सरकारने दाखवलं तर चूक मान्य करूनही निकाल कायम ठेवतात. पाच उल्लंघनं होती, एकाच्या सुनावणीत गडबड झाली, बाकी चार नीट सिद्ध झाली, तर बहुतेक वेळा तिथेच संपतं, कारण अनेक राज्यांत एकच उल्लंघन रद्द करायला पुरतं. टेक्सासमध्ये तर एका जरी आरोपाला 'खरं आहे' असं उत्तर दिलं तरी तेवढ्यावर प्रोबेशन जाऊ शकतं, म्हणून पटकन काहीतरी कबूल करून मोकळं व्हायची घाई फार महागात पडते.

## जिंकलो तर सुटलो का?

बहुधा नाही, लगेच तरी नाही. ड्यू प्रोसेसवर जिंकलेलं अपील म्हणजे सहसा 'परत जा आणि सुनावणी नीट करा' असा आदेश. नव्या सुनावणीत साक्षीदार आला आणि नीट बोलला तर पुन्हा रद्द होऊ शकतं. पण कधी तोवर साक्षीदार येत नाही, कधी सरकार तडजोडीला तयार होतं, कधी मधल्या काळात माणसाने उपचार पूर्ण केलेले असतात आणि जजला वेगळं चित्र दिसतं. पुरावाच नव्हता असं ठरलं तर मात्र खेळ वेगळा होतो, डग्लससारखा.

## मुदत, आणि वेळेचा दुसरा सापळा

फेडरल कोर्टात अपिलाची नोटीस द्यायला फक्त १४ दिवस असतात. टेक्सासमध्ये साधारण ३०, न्यू जर्सीत ४५, कॅलिफोर्नियात गंभीर गुन्ह्याच्या (फेलनी) केसमध्ये ६०, किरकोळ गुन्ह्यात त्याहून कमी. जॉर्जियात तर अपील आपोआप मिळतच नाही, आधी ३० दिवसांत अपील कोर्टाकडे परवानगीचा अर्ज करावा लागतो. वकिलाने निकालाच्या दिवशीच नोटीस टाकली तर उत्तम, युक्तिवाद नंतर लिहिता येतो.

दुसरा सापळा जास्त बोचतो. शिक्षा छोटी असेल आणि अपील रेंगाळलं तर निकाल यायच्या आत माणूस शिक्षा भोगून बाहेर आलेला असतो, आणि कोर्ट म्हणतं आता ठरवण्यासारखं काही उरलंच नाही. १९९८ च्या स्पेन्सर विरुद्ध केम्ना निकालात नेमकं हेच झालं, पॅरोल रद्द झाल्याविरुद्धचं भांडण मूळ शिक्षेची मुदत संपली म्हणून निकाली काढलं, रद्द झाल्याचा पुढेही ठोस तोटा होतोय हे दाखवा म्हणाले. म्हणून अपिलाबरोबरच लवकर सुनावणीचा आणि अपील चालू असताना जामिनाचा अर्ज करावा लागतो. जामीन मिळणं कठीण असतं, तरी अर्ज करायचा, नाहीतर जिंकूनही हातात काही येत नाही.

## नागरिक नसलेल्यांसाठी, हे जरूर वाचा

एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या आपल्या लोकांना यात एक वेगळा धोका आहे. इमिग्रेशन कायद्यात स्थगित ठेवलेली शिक्षासुद्धा शिक्षा म्हणूनच मोजतात, आणि प्रोबेशन रद्द झाल्यावर जी जेल सुनावली जाते ती मूळ शिक्षेचाच भाग धरली जाते. चोरीच्या किंवा हिंसेच्या गुन्ह्यात एकूण शिक्षा एक वर्ष किंवा जास्त झाली तर केस इमिग्रेशनच्या भाषेत 'अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी', म्हणजे अतिगंभीर गुन्ह्यांच्या वर्गात जाऊ शकते, मूळ गुन्हा राज्याच्या कायद्यात किरकोळ असला तरी, आणि तिथून देशाबाहेर काढण्याची कारवाई अडवणं जवळपास अशक्य होऊन बसतं. ३६४ दिवस आणि ३६५ दिवस यांत एका दिवसाचाच फरक, पण त्यावर अख्ख्या कुटुंबाचं राहणं ठरू शकतं. म्हणून रिव्होकेशनच्या सुनावणीत काहीही कबूल करण्याआधी फौजदारी वकिलाने इमिग्रेशन वकिलाशी बोलून घेतलंय का ते विचारा. कबुली देऊन थोडक्यात मिटवू अशी ऑफर आली तर किती दिवसांची शिक्षा लिहिली जाणार तो आकडा आधी मागा. आणि प्रोबेशन चालू असताना भारतात जायचं असेल, घरी कुणी आजारी असलं तरी, ऑफिसरची तोंडी परवानगी पुरेशी मानू नका. ती लेखी घ्या, प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि परत येताना विमानतळावर जुनी केस निघू शकते का हे इमिग्रेशन वकिलाला तिकीट काढायच्या आधी विचारा.